जात्यावरच्या ओव्यांचा ऑनलाइन संग्रह : एका साउंडवाल्याचा अभिप्राय

माझा धंदा साउंडचा. सप्ताह, काकडा, भजनाच्या बाऱ्या, कीर्तन, जागरण-गोंधळ, यात्रेतला तमाशा. जिथं माणसं गातात आणि माणसं ऐकायला बसतात, तिथं माझे कर्णे आणि स्पीकर लागतात. आमचा मिक्सर स्टेजच्या कडेला असतो. गाणारा एका बाजूनं दिसतो, पण समोरचं पब्लिक अख्खं दिसतं. त्यामुळे कोण गातंय याच्याबरोबरीनं कोण ऐकतंय, कसं ऐकतंय, याकडेही माझं लक्ष असतं. गोंधळी संबळावर आईचा उदो करतो तेव्हा मांडवातून परत येणारा 'उदो' दमदार नसेल तर गोंधळ अर्धामुर्धा वाटतो. कीर्तनात बुवांनी चरण टाकलं की टाळकरी ते उचलतात, आणि बघता बघता ते बायकांच्या रांगेत पोचतं. शाहिरामागचे झीलकरी 'जी जी रं जी' धरतात तेव्हा पुढच्या माणसांच्या माना त्याच ठेक्यात हलतात. म्हणून मी एक माइक पब्लिककडे तोंड करून ठेवतोच. रेकॉर्डिंगमध्ये तो आवाज आला नाही तर कार्यक्रम कुठल्या बंद खोलीत झाला असावा असं वाटतं.

संगीताचे अभ्यासक अशोक दा. रानडे यांनी आपल्याकडच्या संगीताच्या आदिम, लोक, धर्म, कला, जन आणि संगम अशा सहा कोटी, म्हणजे सहा प्रकार, मांडले. ते वाचल्यापासून मला एक गोष्ट फार उपयोगी पडली. प्रत्येक कोटीतला श्रोता वेगळा असतो. ख्यालाच्या मैफलीतला श्रोता गोंधळात बसवून चालत नाही आणि गोंधळातला मैफलीत. लोकसंगीताचा अभ्यास करणारा माणूस नुसतं गाणं टिपून आला आणि ऐकणारे टिपलेच नाहीत, तर त्याच्या हाती अर्धीच वस्तू लागली.

मग ज्या गाण्यापुढं पब्लिकच नव्हतं त्याचं काय? पहाटे, अंधारात, घर झोपलेलं असताना, हातात जात्याचा खुंटा धरून म्हटलेलं गाणं. त्याला ना मांडव, ना बिदागी, ना 'वन्स मोअर'. त्या गाण्याचा श्रोता कोण? हा प्रश्न डोक्यात घेऊन मी 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावरचा जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह ऐकायला घेतला, आणि आता मोकळा वेळ मिळाला की तोच ऐकतो. ज्यांनी तो उघडलेला नाही त्यांच्यासाठी हा अभिप्राय.

आधी थोडं मूळ सांगतो, कारण त्याशिवाय संग्रहाची किंमत कळत नाही. पुण्यातल्या सेंटर फॉर कोऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस या संस्थेतून हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी हे काम उभं केलं. पॉइतवाँ मूळचे फ्रान्सचे, पण आयुष्य इथं घातलेले. १९८० नंतरच्या दशकात पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागात, मुळशीच्या बाजूला, गरीब डोंगरी संघटनेच्या कामातून बायकांच्या बैठकांत बोलणं होत होतं, आणि त्या बोलण्यातून ओव्या वर आल्या. ओव्या गोळा करणारे बरेचसे कार्यकर्ते त्याच गावांतले होते. कुणी आईकडून लिहून घेतल्या, कुणी शेजारणीकडून. हजाराहून जास्त गावं, तीन हजारांहून जास्त गायिका आणि १,१०,००० च्या वर ओव्या. १९९० नंतर बर्नार्ड बेल हे संगीत आणि संगणक दोन्हींचे जाणकार या कामात आले. त्यांनी ओव्यांची संगणकावर नीट मांडणी लावून दिली, आणि सुमारे १२० तासांचं ध्वनिमुद्रण या संग्रहात जमा झालं. पॉइतवाँ २००४ मध्ये गेले, राईरकर २०१० मध्ये. पुढे हे सगळं 'पारी'कडे आलं आणि मार्च २०१७ पासून एकेक करून लोकांसमोर यायला लागलं. मूळ ध्वनिमुद्रणांची प्रत अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजच्या संगीत-अभिलेखागारातही आहे. नझीर जयराजभॉय यांच्या पुढाकारानं १९८२ मध्ये निघालेलं हे अभिलेखागार आधी पुण्यातच होतं.

यातला बायकांच्या बैठकांचा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. या ओव्या पहिल्यांदा 'ऐकल्या' त्या विद्यापीठातल्या कुणी नाही. ज्यांनी त्या म्हटल्या होत्या त्याच बायकांनी एकत्र बसून, एकमेकींच्या तोंडून, त्या परत ऐकल्या आणि त्यावर बोलल्या. सासुरवासाची ओवी म्हटली गेली की मग सासुरवासावर बोलणं. लेकीच्या जन्माची म्हटली की लेकीवर. संशोधनात श्रोता असा आधीपासून धरलेला होता म्हणूनच हा संग्रह आजही कपाटात बंद वाटत नाही.

आता प्रत्यक्ष ऐकण्याबद्दल. संग्रह फुकट आहे आणि मराठीत वाचता येतो. एकेका लेखात थोड्या ओव्या असतात, सोबत ध्वनी किंवा व्हिडिओ, ओव्यांचे शब्द, त्यांचा अर्थ उलगडणारं थोडं निवेदन, आणि शेवटी गायिकेची माहिती: नाव, गाव, तालुका, जिल्हा, जात, वय, मुलं किती, काम काय, आणि ध्वनिमुद्रणाची तारीख. पुष्कळ ठिकाणी 'पारी'ची माणसं वीस-वीस वर्षांनी त्याच गावात परत गेली आहेत, त्याच बाईला किंवा तिच्या सुनेला भेटली आहेत, फोटो काढले आहेत, नव्यानं चित्रीकरण केलं आहे. पूर्वी आवाज दिलेल्या बाईचा चेहरा इतक्या वर्षांनी समोर येतो तेव्हा ऐकणाऱ्याचा आणि तिचा संबंध बदलतो.

माझ्या धंद्यातली एक सूचना इथंच देतो. हे मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. जात्याचा आवाज फार खालच्या पट्टीतला असतो, दगडावर दगड फिरण्याची घरघर. मोबाइलचा एवढासा स्पीकर तो आवाज देऊच शकत नाही. तुम्हाला वाटेल बाई नुसतीच गातेय. साधा बरा हेडफोन लावा, नाहीतर घरातल्या मोठ्या स्पीकरला जोडा. मग ज्या ध्वनिमुद्रणात जातं खरोखर फिरतंय तिथं ते आवाजाच्या खालून यायला लागतं, आणि गाण्याची सगळी बांधणी कळते. खुंटा लांब जाताना दम सुटतो, जवळ येताना दम भरला जातो. ओळ कुठं तुटते बघा. अर्थाच्या ठिकाणी तुटत नाही, दमाच्या ठिकाणी तुटते. कागदावर ओवी दोन ओळींची दिसते, पण गाताना पहिली ओळ परत येते, अर्धी परत येते, मध्ये 'बाई' येतं, 'गं' येतं, 'माझ्या' येतं, आणि दोनाच्या चार-पाच कधी होतात कळत नाही. छापील ओव्यांची पुस्तकं आपल्याकडे कितीतरी आहेत. त्यांतून हे 'बाई' आणि 'गं' बहुतेक वेळा गाळलेले असतात, कारण वाचताना ते भरीचे वाटतात. गाताना तेच दम घ्यायची जागा देतात.

सगळ्या ध्वनिमुद्रणांत जातं नाही, हेही सांगायला हवं. ही मुद्रणं झाली तेव्हा बऱ्याच गावांत गिरणी येऊन वर्षं लोटली होती. जाती कोपऱ्यात उलटी पडलेली. त्यामुळे पुष्कळ बायका नुसत्या बसून, आठवून गातात. ऐकणाऱ्यानं हे ध्यानात ठेवलं तर चांगलं. मुळशी तालुक्यातल्या कोळवड्याच्या बायकांचा व्हिडिओ बघा, त्यात जातं आहे. दोघी समोरासमोर, दोघींचे हात एकाच खुंट्यावर, आणि एक हात मधूनच सुटून जात्याच्या तोंडात वैरण, म्हणजे मूठभर दाणे, घालतो. तो हात सुटतो तेव्हा सगळा जोर दुसरीवर येतो, आणि आवाज एवढासा दबतो. मी ती जागा मागं-पुढं करून बरीच ऐकली. कुठल्याही स्टुडिओत ती जागा करता येणार नाही.

माझी आत्या सातारकडची. तिनं लग्नाच्या आधीपासून दळलंय. तिला मी स्पीकर लावून हा संग्रह ऐकवला, आणि ती कशी ऐकते हे बघत बसलो. पहिली ओवी संपायच्या आत तिचा प्रश्न: "कुन्या गावची हाय ही?" मी गायिकेची माहिती वाचून दाखवली. गाव, मुलं किती, शेती का मजुरी. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "आता लाव." मला त्या माहितीच्या चौकटीचं महत्त्व तेव्हा पुरतं पटलं. आत्यासाठी ओवी ही कुणाची तरी असते. आधी बाई कळायला हवी, मग ओवी.

थोडं पुढं गेल्यावर तिनं विचारलं, "ही एकटीच व्हय? जोडीला न्हाई कुनी?" आणि लगेच, "ही बसून गाती. दळताना एवढा दम ऱ्हात न्हाई." मी हेडफोन लावून तपासलं. खाली घरघर नव्हतीच. उपकरणानं मला जे कळलं ते तिला नुसत्या ओळीच्या लांबीवरून कळलं होतं.

त्यापुढं जे झालं ते मला कुठल्याच कार्यक्रमात दिसलेलं नाही. ध्वनिमुद्रणातली बाई एका ओवीवर थांबली, आणि आत्यानं पुढची सुरू केली. पाठ असलेली कुठली तरी म्हणून दाखवली असं नाही. त्याच विषयावरची, त्याच चालीत, जोडीदारणीनं उचलावी तशी. त्या बाईनं आपल्या भावाचं कौतुक गायलं होतं. आत्यानं तिथं माझ्या वडिलांचं नाव घातलं. नाव लांब, ते ओळीत बसेना, म्हणून मधला 'राव' काढून टाकला आणि शेवटी 'बंधू' जोडला. मी स्पीकर थांबवला. ती म्हणाली, "बंद का केलास? तिची पाळी हाय आता." मी परत चालू केला. मग आत्या दुसरी ओवी संपेपर्यंत तोंडातल्या तोंडात पुटपुटत, दळत राहिल्यासारखी हलत होती, आणि जागा मिळाली की आपली ओवी.

मला माझ्या प्रश्नाचं उत्तर तिथं मिळालं असं मी मानतो. ओवीला श्रोता होता. तो समोर बसलेला होता, खुंट्याच्या पलीकडच्या बाजूला, आणि त्याचीही पाळी यायची. त्याशिवाय आणखी एक श्रोता असायचा, तो म्हणजे जातं स्वतः. कितीतरी ओव्या त्यालाच उद्देशून आहेत. त्याला देव म्हटलेलं आहे, मन मोकळं करायचं ते त्याच्यापुढं. आणि तिसरा श्रोता भिंतीपलीकडे: अर्धवट झोपेतलं घर. सासूला जे तोंडावर सांगता येत नाही, नवऱ्याला जे कधीच सांगता आलं नाही, ते पहाटे गाण्यातून त्यांच्या कानावर जायचं. कुणी गाण्याला दुरुत्तर म्हणू शकत नाही. आत्याला हे विचारलं तर ती एवढंच म्हणाली, "ऐकू जायाचंच की. जावं म्हनूनच."

संग्रहातले सासुरवासाचे, माहेराचे, दारूड्या नवऱ्याचे भाग या कानानं ऐकले तर फार वेगळे लागतात. ती आपल्या दुःखाची नुसती नोंद करत नाहीये, कुणाला तरी ऐकवतेय.

बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातली १९९६ ची मुद्रणं या संग्रहातला सर्वांत जोरकस भाग आहे, असं मी म्हणेन. पारंपरिक पद्धत अशी की पहिली माझी ओवी अमक्या देवाला, दुसरी तमक्याला. भीमनगरच्या बायकांनी हीच चौकट घेतली आणि तिथं बाबासाहेब, रमाई, बुद्ध आणले. चाल जुनी, बांधणी जुनी, आणि मान मात्र नव्यांना. लोकपरंपरा म्हणजे जुनंच गाणं जसंच्या तसं जपणं, असं समजणाऱ्यानं हा भाग आधी ऐकावा. यातल्या आवाजात जो ताठपणा आहे तो मी भीमजयंतीच्या मंचासमोर रात्र रात्र उभा राहून ओळखतो. भीमगीतांना हजारोंचा श्रोतृवर्ग मिळाला. हाच ताठपणा जात्याच्या खुंट्यालाही होता हे मला या संग्रहामुळं कळलं. आणि गायिकेच्या माहितीत जात का लिहिली आहे, हे ज्याला खटकतं, त्यालाही इथं उत्तर मिळतं. ओवी कुणाच्या तोंडून आली हे कळल्याशिवाय तिच्यातला बदल दिसतच नाही.

दुसरा भाग परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा. गळा असा की मिक्सरवर हात लावायची गरज नाही. वरच्या स्वरावर जाताना आवाज पातळ होतो पण फाटत नाही, आणि ओळीच्या शेवटी स्वर सोडताना त्या किंचित खाली उतरतात. ती उतरण माझ्या कानात बसली आहे. त्यांनी सीतेच्या वनवासाच्या ओव्या गायल्या आहेत. आपल्याकडे सीतेच्या ओव्यांमध्ये एक कल्पना गावोगाव सापडते. रानात सीता रडते तेव्हा तिचं ऐकायला माणूस नाही, म्हणून बोरी-बाभळी बायका होऊन तिची समजूत घालतात. रामायणाचा हा भाग बायकांनी जात्यावर वाढवला. ऐकणारं कुणी नसेल तर झाडांना ऐकायला बसवायचं, ही सोय त्यांनी सीतेसाठी केली, कारण ती त्यांना स्वतःच्या अनुभवातून माहीत होती.

आता थोडं उणं काय ते. ओव्यांचं मूळ वर्गीकरण विषयावर आहे: सीता, पंढरी, भाऊ-बहीण, आई-लेक, संसार, कष्ट. समाजाचा अभ्यास करणाऱ्याला ते उत्तम. गाण्याच्या माणसाला मात्र चालीवरून शोधायचं असतं. मावळातली चाल आणि मराठवाड्यातली चाल शेजारी शेजारी ठेवून ऐकता आली, एकाच विषयाच्या चार गावांतल्या चार चाली एका पानावर मिळाल्या, तर संगीताच्या विद्यार्थ्यांवर फार उपकार होतील. सध्या ही जुळणी आपल्याला स्वतः गावांची नावं बघत करावी लागते. मी एका वहीत करतोय. गाव, विषय, चाल कुठल्या स्वरावर थांबते, जातं आहे का नाही, एकटी का दोघी. ज्यांना यात रस आहे त्यांनी अशी वही घालावी, ऐकणं फार बदलतं.

दुसरं म्हणजे प्रमाण. १,१०,००० ओव्यांच्या शब्दांपुढं १२० तासांचा आवाज थोडा आहे. म्हणजे बहुतांश ओव्या कागदावर राहिल्या, आवाजात आल्या नाहीत. याचा दोष कुणाला देता येत नाही. त्या काळात ध्वनिमुद्रणाची टेप महाग, गावं लांब, आणि गाणाऱ्या बायका एकेक करून जात होत्या. पण श्रोत्यानं अपेक्षा तशी ठेवावी. नुसते शब्द वाचताना मी मनात चाल लावून वाचतो. ज्याच्या घरात कधी ओवी म्हटली गेली नाही त्याला हे जमणार नाही, त्यानं आधी आवाजाचे भाग भरपूर ऐकावेत आणि मग शब्दांकडे जावं.

तिसरी गोष्ट तक्रार नाही, विचारच आहे. लेखातला ध्वनी निवडक ओव्यांचा असतो, नीट कापलेला. मला कापायच्या आधीचा आवाज हवा असतो. पहिल्या ओवीआधीचा खाकरा, 'तू म्हन की' 'नगं, तूच म्हन' ही ओढाओढ, कोंबडा, लहान पोर, मध्येच आठवत नाही म्हणून थांबणं आणि शेजारणीनं शब्द पुरवणं. गाण्याचा श्रोता तिथंच पकडता येतो. व्हिडिओंमध्ये यातलं थोडं मिळतं, बायका एकमेकींकडे बघून हसतात, एकीला दुसरीनं कोपरानं ढकललेलं दिसतं. जेवढं ठेवलंय तेवढ्याबद्दल मी आभारी आहे, आणखी ठेवलं तर आणखी होईन.

उलट एका गोष्टीत हा संग्रह इतका सरस आहे की मला ती मोठ्यानं सांगायची आहे. नाव. आमच्या धंद्यात मी याच्या उलट फार बघितलं आहे. एका कंपनीनं आमच्या भागातल्या भजनी बायकांचं रेकॉर्डिंग नेलं, खाली कीबोर्ड आणि इको भरला, आणि वेष्टनावर 'पारंपरिक' एवढंच छापलं. गाणाऱ्यांतल्या एकीचंही नाव नाही. त्या बायकांनी ती कॅसेट यात्रेत विकत घेतली. इथं तसं नाही. एका ओवीपुरतीही बाई आली असेल तरी तिचं नाव, तिचं गाव, तिचं काम दिलेलं आहे. 'परंपरा' नावाच्या कुणा अनामिकाच्या खात्यावर काही टाकलेलं नाही. आणि आवाजाखाली काही भरलेलंही नाही. तानपुरा नाही, बासरी नाही, पहाटेचा माहोल तयार करायला पक्ष्यांचे आवाज नाहीत. साउंडचा माणूस म्हणून सांगतो, हा मोह टाळणं सोपं नसतं.

हा संग्रह कुणी ऐकावा? संगीताचे विद्यार्थी तर आहेतच. शाळेतल्या मराठीच्या शिक्षकांनी ओवी हा छंद शिकवताना फळ्यावर चरण मांडायच्या आधी एक मुद्रण वर्गात लावावं. भजनी मंडळांनी ऐकावं. ज्यांच्या घरात कुणी दळलेलं माणूस अजून आहे त्यांनी ते माणूस जवळ बसवूनच ऐकावं, एकट्यानं हेडफोनमध्ये ऐकायची पाळी नंतर. सुरुवात कोळवड्याच्या व्हिडिओनं करा म्हणजे जातं, हात आणि दम डोळ्यांनी दिसेल. मग माजलगाव. ताडकळस रात्री, घर शांत झाल्यावर. एका बैठकीत एकच लेख पुरे. ओव्या एकामागून एक लावून ठेवल्या तर त्या कानावरून निघून जातात.

आणि हे ऐकून तुमच्या घरातलीही कुणी गायला लागली, तर मोबाइलवर ते मुद्रित करायला चुकू नका. पंखा बंद करा. मोबाइल जमिनीवर किंवा पलंगावर ठेवू नका, घडी घातलेल्या गोधडीवर ठेवा, तिच्यापासून हातभर लांब, आणि माइकचं भोक तिच्याकडे करा. समोर तिच्या ओळखीची एखादी बाई बसवा, म्हणजे ती मोबाइलला न म्हणता तिला म्हणेल. मध्ये 'वा वा' करू नका. आठवत नसेल तर थांबू द्या. रेकॉर्डिंग बंद करायच्या आधी तिचं पूर्ण नाव, माहेरचं गाव, सासरचं गाव आणि ओवीत कुणाकुणाची नावं घेतली ते तिच्याच तोंडून बोलून घ्या.